न्हाणीघर दुरुस्तीचे कोटेशन कसे वाचावे?



ऊस विकास विभागाच्या या पानावर एरवी आम्ही लागण, बेणे, खोडवा, खताचे हप्ते यांविषयी लिहितो. या वेळचा विषय घरातला आहे, आणि त्याला कारणही तसेच आहे. उसाचे बिल बँकेत जमा झाले की गावोगावी घरदुरुस्तीची कामे निघतात. त्यांत हल्ली पहिला नंबर लागतो तो न्हाणीघराचा आणि संडासाचा. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी बांधलेली घरे. भिंतीतले लोखंडी पाइप आतून गंजलेले, फरशी खचलेली, पलीकडच्या खोलीच्या भिंतीला बाराही महिने ओल. मग प्लंबर येतो, पाहून जातो, आणि एक कागद देतो. तो कागद घेऊन सभासद गट कार्यालयात येतात आणि विचारतात, "साहेब, एवढा आकडा बरोबर हाय का?"

आम्ही काही प्लंबर नव्हे. पण ठिबकची आणि पाइपलाइनची कोटेशने तपासण्यात आमची बरीच वर्षे गेली. पाणी नेणारा पाइप शेतात असो की भिंतीत, त्याचा हिशेब मांडण्याची रीत एकच आहे. म्हणून हा पाठ.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नुसत्या आकड्याकडे पाहून तो बरोबर की चूक हे कोणालाच सांगता येत नाही. आपल्या उसाच्या बिलावर टनेज, दर, सोसायटीची वसुली, वजावटी असे सर्व निरनिराळे छापलेले असते. कारखान्याने उद्या नुसती एकच रक्कम लिहून कागद हाती दिला, तर आपण तो घेऊ का? काट्यावर दहा किलोचा फरक दिसला तरी आपण गाडी मागे घेऊन पुन्हा वजन करायला लावतो. आणि हेच आपण "बाथरूम रिपेअर, मटेरियलसह संपूर्ण काम" अशी एक ओळ आणि पुढे एक रक्कम असलेल्या चिठ्ठीवर मात्र दहा हजार इसार देऊन मोकळे होतो!

आधी टेप, मग कागद

न्हाणीघराचे माप घरच्या माणसाने स्वतः घ्यावे. अर्ध्या तासाचे काम आहे. समजा, खोली पाच फूट बाय सात फूट आहे. तळ ३५ चौरस फूट झाला. चारी भिंतींचा घेर २४ फूट. टाइल सात फूट उंचीपर्यंत लावायची तर २४ गुणिले ७ म्हणजे १६८ चौरस फूट. त्यातून अडीच बाय सातच्या दाराचे साडेसतरा वजा केले की राहिले १५०.५. त्यात तळ मिळवला की १८५.५, म्हणजे १८६ धरा. कापताना टाइल फुटते, कोपऱ्यांत तुकडे वाया जातात, त्यासाठी दहा टक्के जादा. म्हणजे साधारण २०५ चौरस फूट, दोन ब्रासच्या किंचित वर.

कोटेशनमध्ये २८० चौरस फूट लिहिले असेल तर प्लंबरने फसवले असे लगेच समजू नये. टाइल किती उंच धरली ते विचारावे. दहा फुटी छतापर्यंत धरली असेल तर याच हिशेबाने आकडा २८३ येतो. म्हणजे त्याचे माप खरे आहे, फक्त छतापर्यंत टाइल हवी की नको हे आपल्याला कुणी विचारलेच नाही. सात फुटांच्या वर पाणी उडत नाही. तिथे सिमेंटचा गिलावा आणि चांगला रंग पुरतो, असे आमचे मत. पण ज्याची हौस त्याची हौस.

टाइलच्या बाबतीत आणखी एक बारकावा. दुकानात जिला "बारा-अठरा" म्हणतात ती टाइल मापाने ३०० बाय ४५० मिलिमीटर असते. तिचे क्षेत्र दीड चौरस फूट नव्हे, १.४५ चौरस फूट भरते. एका टाइलला फरक लहान दिसतो, पण शेवटी चार-सहा टाइल कमी पडतात, आणि त्याच शेडची पेटी नंतर दुकानात मिळेलच असे नाही. पेटीवर किती चौरस फूट भरते ते छापलेले असते, ते पाहूनच पेट्या मोजाव्यात. एक पेटी घरात शिल्लक ठेवावी. पुढे दुरुस्ती निघाली तर तीच कामी येते.

सिमेंटचाही अंदाज घरी काढता येतो. एवढ्याच न्हाणीघराचा गिलावा, टाइल बसवणे आणि तळाचा कोबा धरून एक-चारच्या मालाला आठ पोत्यांच्या वर सिमेंट जाऊ नये. भिंत फारच वाकडी असेल तर एखादे पोते जादा. पंधरा-वीस पोती लिहिली असतील तर बाकीची कुठल्या कामाला, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. कोटेशन जुन्या दरपत्रकावरून उतरवलेले नाही ना, हेही पाहावे. सिमेंटवरचा जी.एस.टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. तसेच, ज्याच्याकडे जी.एस.टी. नंबरच नाही त्याला बिलात हा कर वेगळा लावता येत नाही. कराची ओळ असेल तर नंबर कागदावर हवाच.

कागदावर नसलेल्या गोष्टी

आमच्या अनुभवाने, कोटेशनची खरी किंमत त्यात काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहिलेले नाही यावर ठरते. स्वस्त कोटेशन पुष्कळदा स्वस्त नसते, अपुरे असते. जुनी फरशी आणि भिंतीवरच्या टाइल कोण फोडणार? राडारोडा कोण उचलणार आणि कुठे टाकणार? एका न्हाणीघरातून निघणारा मलबा एका ट्रॉलीत मावला तर नशीब. तळाला वॉटरप्रूफिंग धरले आहे का, धरले असेल तर विटांच्या तुकड्यांचा कोबा की रसायनाचा थर, की दोन्ही? पाणी बाहेर नेणारा पाइप न्हाणीघराच्या भिंतीपर्यंतच धरला आहे, की चेंबरपर्यंत? खेड्यात हा प्रश्न फार महत्त्वाचा. आपल्याकडे गटारलाइन नसते. संडासाचे पाणी सेप्टिक टँकला आणि अंघोळीचे पाणी शोषखड्ड्याला किंवा परसबागेला, अशा दोन वेगळ्या वाटा काढाव्या लागतात. अंघोळीचे साबणाचे पाणी सेप्टिक टँकमध्ये सोडले की टँक लवकर भरतो आणि त्यातले कुजण्याचे कामही बिघडते. पण भिंतीबाहेरचे हे वीस-पंचवीस फुटांचे खोदकाम कोटेशनमध्ये क्वचितच असते. काम अर्ध्यावर आले की "साहेब, ते बाहेरचं वेगळं" असे ऐकायला मिळते, आणि तेव्हा फोडलेल्या न्हाणीघरासमोर उभा असलेला माणूस घासाघीस करू शकत नाही.

"नामांकित कंपनीचे फिटिंग" हे शब्द कागदावर दिसले की त्याखाली रेघ ओढावी. कंपनी कोणती, त्यातली मालिका कोणती, नंबर कोणता? एकाच कंपनीचा साधा नळ आणि वरच्या मालिकेतला नळ यांच्या किमतीत दुपटी-तिपटीचा फरक असतो. नळ, मिक्सर, कमोड, बेसिन या गोष्टी शक्यतो आपण स्वतः दुकानातून घ्याव्यात आणि प्लंबरला फक्त बसवण्याची मजुरी द्यावी. पाइप आणि जोड मात्र त्यालाच आणू द्यावेत, कारण गळती झाली तर जबाबदारी कोणाची यावर नंतर वाद नको.

भारी शॉवर आणि डायव्हर्टर घेण्याआधी छतावरच्या टाकीकडे एकदा पाहावे. पाण्याच्या दहा मीटर उंचीने एक किलो दाब मिळतो, हे आपल्याला मोटारीमुळे ठाऊकच आहे. टाकी शॉवरच्या वर तीन मीटर असेल तर मिळणारा दाब शून्य पॉइंट तीन किलो. एवढ्या दाबावर मोठ्या हॉटेलातल्यासारखा शॉवर चालत नाही, ठिबकते. प्लंबरने हे सांगून साधा शॉवर सुचवला असेल, तर त्या माणसाला आपल्या पैशाची काळजी आहे असे समजावे.

पाइपची ओळख

शेतातल्या पाइपवर आय.एस. ४९८५ हा नंबर आणि किलोचा वर्ग वाचायला आपण शिकलो आहोत. न्हाणीघरातही तसेच नंबर असतात. गरम पाण्याला चालणाऱ्या सी.पी.व्ही.सी. पाइपचा नंबर आय.एस. १५७७८. तो बहुधा फिकट पिवळसर रंगाचा असतो. पांढरा साधा यू.पी.व्ही.सी. पाइप फक्त थंड पाण्यासाठी. गिझरच्या लाइनला तो टाकला तर उष्णतेने मऊ पडतो आणि जोड सुटतात. दोन्हींना चिकटवणारे सोल्युशनही वेगवेगळे असते, एकाच डब्यात दोन्ही कामे होत नाहीत. सी.पी.व्ही.सी.मध्ये पुन्हा एस.डी.आर. ११ आणि १३.५ असे दोन प्रकार. अकराचा जाड आणि जास्त दाबाचा. कोटेशनमध्ये "सी.पी.व्ही.सी. पाइप" एवढेच लिहिले असेल तर पुढे हा आकडा लिहून घ्यावा. नळ बसतो त्या ठिकाणचे एल्बो पितळी आट्यांचे हवेत. प्लास्टिकचे आटे नळ आवळताना चिरतात, आणि ते कळते टाइल लागल्यावर.

सांडपाण्याच्या पाइपचा नंबर आय.एस. १३५९२. त्यात टाइप ए हा पावसाच्या पाण्यासाठी आणि हवा जाण्यासाठी, तर टाइप बी संडासाच्या व मोरीच्या पाण्यासाठी. बी जाड आणि साहजिकच महाग. दोन कोटेशनांत सांडपाण्याच्या पाइपच्या दरात मोठा फरक दिसला तर बहुतेक वेळा कारण हेच असते. शेतातला उरलेला करडा पाइप मोरीला वापरण्याची काटकसर काही सभासद करतात. जमिनीखाली, फरशीखाली जाणाऱ्या कामात ती करू नये. पाचशे रुपये वाचवून दहा वर्षांनी सगळी फरशी उखडण्याची ती तयारी असते.

लांबीचे म्हणाल तर एक सुतळी घ्यावी. टाकीपासून न्हाणीघरापर्यंत आणि आत प्रत्येक नळापर्यंत भिंतीच्या कडेने ती फिरवावी, मग मोजावी. वळणांसाठी आणि कापण्यासाठी दहा टक्के धरले की झाले. प्लंबरच्या रनिंग फुटांशी हा आकडा जुळायला हवा.

मजुरी

प्लंबिंगची मजुरी आपल्याकडे बहुधा "पॉइंट"वर ठरते. गरम-थंड मिक्सर हा एक पॉइंट की दोन, हे आधी विचारावे. नाहीतर सातचे दहा होतात. मग बोटांवर मोजावे: बेसिनचा थंड, बेसिनचा गरम, शॉवर, बादलीचा नळ, कमोडची टाकी, जेटचा नळ, गिझरमध्ये जाणारा आणि गिझरमधून येणारा. कपडे धुण्याचे यंत्र तिथेच ठेवायचे असेल तर त्याचा एक.

पॉइंटचा दर पटत नसेल तर दिवसांचा हिशेब मांडावा. अशा खोलीला फोडण्याचे दोन दिवस, पाइपचे दोन-तीन, टाइलचे चार-पाच, शेवटी फिटिंगचा एक. गवंड्याचा, बिगाऱ्याचा आणि प्लंबरचा रोज आपल्या भागात काय चालतो हे सभासदांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. तो दिवसांनी गुणावा. जो आकडा येईल त्यावर पंधरा-वीस टक्के त्या माणसाचे स्वतःचे धरावेत. त्याची हत्यारे आहेत, दुकानाच्या चार फेऱ्या आहेत, गवंडी न आला तर खोळंबा त्याच्याच माथी आहे. हे पंधरा-वीस टक्के काढून घेण्यासाठी अडून बसणाऱ्या सभासदांशी आमचे जमत नाही. रास्त नफा वरून दिला नाही, तर तो पाइपच्या जाडीतून आणि सिमेंटच्या पोत्यातून वसूल होतो. रक्कम कमी करायची असेल तर बाब कमी करावी: टाइलची उंची उतरवावी, नळाची मालिका उतरवावी. नुसते "पाच हजार कमी करा" म्हणू नये.

दोन कोटेशने शेजारी ठेवली तेव्हा

आमच्या गटातले एक सभासद दोन कागद घेऊन आले होते. आई थकलेली, गुडघे धरलेले, खाली बसायचे होत नाही, म्हणून भारतीय बैठकीचा संडास काढून कमोड बसवायचा होता. पहिला कागद ६२ हजारांचा, एका ओळीचा. दुसरा १ लाख ८ हजारांचा, दोन पानांचा. सभासदांचा कल अर्थातच पहिल्याकडे. "छेचाळीस हजाराचा फरक हाय साहेब, एक एकराची लागण निघंल."

आम्ही दुसऱ्या कागदातल्या बाबी डावीकडे लिहिल्या आणि पहिल्या प्लंबरला फोन लावून प्रत्येक बाब विचारली. फोडकाम आणि मलबा? "ते तुमचं." वॉटरप्रूफिंग? "लागलं तर करू." भिंतीतला जुना लोखंडी पाइप? "चांगला असंल तेवढा ठेवू." चेंबरपर्यंतची लाइन? नाही. कमोडशेजारी धरायला दांडी? त्याचे नावच नाही. या सगळ्या बाबी मिळवून त्याने नवा आकडा सांगितला तो ८४ हजारांचा. इकडे दुसऱ्याच्या कागदात छतापर्यंतची टाइल होती ती सात फुटांवर आणली, नळ मधल्या मालिकेतले घेतले, तेव्हा तो ९१ हजारांवर आला. म्हणजे छेचाळीस हजारांचा फरक प्रत्यक्षात सातच हजारांचा होता.

जुना लोखंडी पाइप "चांगला तेवढा" ठेवण्याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. भिंत एकदा फोडली की आतला सगळा पाइप बदलावा. अर्धा जुना, अर्धा नवा असा जोडलेला पाइप जोडापाशीच पहिल्यांदा गळतो.

उरलेल्या सात हजारांचा निकाल एका प्रश्नाने लागला. तळाचे वॉटरप्रूफिंग झाल्यावर मोरीचे तोंड बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवायचे, आणि टाइल लावण्यापूर्वी पाइपला हातपंपाने दाब देऊन काटा तासभर पाहायचा, हे कबूल आहे का? पहिला म्हणाला, दोन दिवस माणसे बसून राहतात, परवडत नाही. दुसऱ्याने ते कागदावर आधीच लिहिले होते. सभासदांनी काम दुसऱ्याला दिले. पाणी भरल्यावर दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात उंबऱ्याखाली ओल दिसली. प्लंबरने तिथला थर खरवडून पुन्हा केला, पुन्हा पाणी भरले, आणि मगच टाइल लागली. त्याचा जादा पैसा लागला नाही, कारण चाचणी कोटेशनमध्येच होती.

घरात म्हातारे माणूस असेल तर आणखी दोन गोष्टी कोटेशनमध्ये लिहून घ्याव्यात. तळाची टाइल खरबरीत हवी, गुळगुळीत नको. आणि मोरीकडे उतार फुटाला पाव इंचाच्या आसपास हवा. कमी असेल तर पाणी साचते, फार असेल तर पाय घसरतो. नहाणी ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी उभे राहील असा ट्रॅप हवा, नाहीतर घरभर वास येतो. दांडी टाइलला नव्हे, मागच्या विटेला खिळवलेली असावी.

विजेचे काम बहुधा या कागदात नसते, पण ते विसरू नये. गिझरला वेगळा १६ अँपिअरचा पॉइंट, अर्थिंग, आणि करंट उतरताच बंद पडणारा आर.सी.सी.बी. हवा. गॅस गिझर न्हाणीघरात बसवू देऊ नये, मग प्लंबर काहीही म्हणो. बंद खोलीत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला रंग नाही, वास नाही. अंघोळीला गेलेले माणूस आत बेशुद्ध पडते, आणि दाराला आतून कडी असते. गिझर भिंतीच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवून पाइप आत घ्यावा. पाइपचे चार फूट जास्त लागतील, ते लागू द्यावेत.

पैसे कसे द्यावेत

सगळी रक्कम आधी मागणाऱ्याला काम देऊ नये. पाइप, सिमेंट आणि वॉटरप्रूफिंगचा माल येईल एवढा पहिला हप्ता, पाइपची व पाण्याची चाचणी झाली की दुसरा, टाइल पूर्ण झाली की तिसरा. शेवटचे दहा टक्के पंधरा दिवस न्हाणीघर वापरून मग द्यावेत. हे सगळे आधी सांगावे, शेवटी अडवून धरू नये. कामाच्या मध्ये जादा काम निघाले तर त्याच कागदाच्या मागे तारीख घालून दर लिहावा आणि दोघांनी सह्या कराव्यात. जुन्या घरात जादा काम निघतेच. भिंत उघडल्याशिवाय आतले कोणालाच दिसत नाही, तेव्हा प्लंबर प्रत्येक वेळी लबाडच असतो असे नाही.

पैसे शक्यतो बँकेतून द्यावेत आणि दुकानाची बिले जपून ठेवावीत. काम बिघडले आणि माणूस फिरकेनासा झाला तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. पण तिथेही पहिला प्रश्न हाच विचारतात की ठरले काय होते आणि त्याचा कागद कुठे आहे.

ज्या सभासदांचे काम या उन्हाळ्यात निघणार आहे त्यांनी न्हाणीघराचे माप, टाकीची उंची आणि निदान दोन कोटेशने घेऊन गट कार्यालयात यावे, आपण शेजारी ठेवून पाहू. पुढील अंकात पाचट न जाळता खोडवा कसा राखावा याविषयी लिहू.